दुसऱ्या डोळ्यासाठी दुर्बीण

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (पत्रातूनच घालते आहे. दुर्बिणीचा तिपाईसकट खोका जिन्यावरून खाली-वर नेल्यापासून प्रत्यक्षात वाकायची सोय राहिलेली नाही.) इकडे सगळे खुशाल. तुझी तब्येत विचारत नाही, कारण फोनवरच्या तुझ्या आवाजावरून फुप्फुसं तरी ठणठणीत असावीत. वहिनीला नमस्कार सांग आणि ती तुझं बोलणं रोज ऐकते याबद्दल माझा आदरही कळव. खरं तर हे सगळं फोनवरच सांगणार होते. पण फोनवर तू बोलायचं आणि मी "हो दादा" म्हणायचं अशी आपली लहानपणापासूनची वाटणी आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

तर विषय आपल्या आत्याच्या डाव्या डोळ्याचा. उजव्याचा मोतीबिंदू काढून झाला, तो डोळा झकास झाला, पण डाव्याचं नाव काढलं की बाईसाहेब उठून कपडे वाळत घालायला जातात (वाळलेलेसुद्धा). डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलंय की आणखी पिकू दिला तर पुढे ऑपरेशन अवघड होईल. आई गेल्यावर जिने आपल्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, तुझी प्रगतिपुस्तकं बाबांपासून लपवली, त्या बाईचा डोळा केवळ हट्टापायी जाणार या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी रडकुंडीला येऊन तुला फोन केला आणि तू, नेहमीप्रमाणे, तोडगा काढलास.

तुझा तोडगा पुन्हा एकदा कागदावर मांडते, म्हणजे तुलाही त्याचं सौंदर्य दिसेल. पहिल्या ऑपरेशननंतर आत्या एकदा गॅलरीत म्हणाली होती की आधी चंद्र तीन-तीन दिसायचे, आता एकच दिसतो, पण त्याच्यावरचे डाग त्याचे की माझ्या डोळ्यातले, ते काही कळत नाही. एवढं वाक्य मी तुला सांगितलं मात्र, तू जाहीर केलंस की तिला टेलिस्कोप भेट द्यायचा. एकदा चंद्र नीट दिसला की बघण्याची गोडी लागेल आणि दुसरा डोळा ती आपण होऊन करून घेईल. वा! क्षणभर वाटलं, हा माणूस त्या ऑफिसात वाया चाललाय. मग तू पाठवलेली रक्कम आली आणि वाटलं, नाही, योग्य ठिकाणी आहे. त्या रकमेत तुला वस्तू भारदस्त दिसायला हवी होती, वजनाला हलकी हवी होती, म्हाताऱ्या माणसाला वापरता यायला हवी होती, तिच्यातून शनीची कडी दिसायला हवी होती, आणि पैसे उरले तर वर एक छानसं कव्हर!

दुकान शाळांच्या प्रयोगशाळांना सामान पुरवणाऱ्याचं. दारातच सांगाडा टांगलेला, आत परीक्षानळ्या, तराजू आणि बरणीत बुडवलेलं कसलंतरी पिल्लू. माझ्याबरोबर आमचे हे होते. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाशी लग्न केलं की काच असलेली जगातली कुठलीही वस्तू त्याला विचारल्याशिवाय घेता येत नाही, हे तू लग्नाआधी मला सांगायला हवं होतंस. (शेजाऱ्यांनी माशांची काचेची पेटी आणली तेव्हाही हे जाऊन तिचा नंबर काढून आले.) दुकानदाराने खोके मांडले. खोक्यांवर तेजोमेघांची अशी रंगीत चित्रं की आत तेच भरून दिलेत असं वाटावं. एकावर ठसठशीत अक्षरांत छापलेलं, सव्वापाचशे पट मोठं दिसेल. मी तुला तिथूनच फोन केला आणि तू म्हणालास की आकडा सगळ्यात मोठा असेल तोच घे. तू मिक्सरही असाच घेतला होतास, ज्याच्या आवाजाने खालच्या मजल्यावरची माणसं वर आली होती. एवढ्याशा नळीतून शंभरेक पटींच्या पुढे नुसतं धुकं दिसतं, ही माहिती खोक्याच्या आतल्या पुस्तिकेत निघाली. खोक्याबाहेरचा आकडा खास थोरल्या भावांसाठी छापलेला असतो.

घरी आणल्यावर यांनी भर दुपारी तपासणी सुरू केली. दुर्बीण गॅलरीत उभी केली आणि रस्त्यापलीकडच्या दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर रोखली, कारण यांच्या शास्त्रात कुठलीही काच आधी अक्षरं वाचून पास व्हावी लागते. डोळा लावला. मान डावीकडे वाकवली, मग उजवीकडे, मग खुर्चीवर गुडघे टेकून डोकं जमिनीकडे नेलं आणि त्या अवस्थेतून निकाल दिला की माल सदोष आहे, पाटी उलटी दिसते. मी पुस्तिका पुढे केली. तिच्यात साफ लिहिलंय की आकाश बघायच्या दुर्बिणीतून चित्र उलटंच दिसतं, आणि आकाशात वर-खाली असं काही नसल्यामुळे कुणाचं बिघडत नाही. ही कारखानदाराची पळवाट आहे, असं यांचं मत पडलं. "माझ्या दुकानातून गिऱ्हाईक सगळं उलटं बघत बाहेर पडलं तर मी त्याला असलं पुस्तक देऊ का?" असं म्हणून यांनी पेचकस आणला, एक भिंग काढून उलटं बसवलं आणि पुन्हा डोळा लावला. आता काहीच दिसेना. तरी हे समाधानाने म्हणाले, निदान उलटं तरी दिसत नाही. ते भिंग पूर्ववत बसवून घेण्यासाठी मला जे बोलावं लागलं ते या पत्रात लिहीत नाही, कारण वहिनीही वाचेल.

संध्याकाळी चंद्र आला. तिपाईच्या पायांविषयी एवढंच सांगते की चंद्र सापडला की ती थरथरायची आणि ती थांबेपर्यंत चंद्र निघून गेलेला असायचा. शेवटी तुझे सव्वापाचशे बाजूला ठेवून सगळ्यात कमी आकड्याचं भिंग लावलं. दोघांनी तिपाईचे पाय धरले आणि आत्याला स्टुलावर बसवलं. तिने उजवा डोळा लावला. मग अगदी हळू म्हणाली, "डाग त्याचेच आहेत गं." दादा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या घटकेला मी तुला मनातल्या मनात हुशार म्हटलं. (ते मागे घेतलंय. कारण लगेच पुढे येतंय.)

लोखंड तापलेलं बघून मी म्हटलं, आत्या, एका डोळ्याने एवढं, तर दोन्ही डोळ्यांनी किती छान दिसेल! तिने दुर्बिणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एवढ्या विद्वान लोकांनी हे यंत्र बनवलं, त्याला डोळे किती लावायचे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, एक. "मग?" आत्या म्हणाली. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः दवाखान्यात फोन करून कळवलं की शास्त्रज्ञांचं एका डोळ्यावर भागतं तेव्हा डाव्याची गरज नाही, माझं नाव काढून टाका. (पलीकडच्या मुलीने विचारलं, कुठल्या शास्त्रज्ञांना दाखवलंत?) मी कपाळावर हात मारून घेतला. जगात भेट देण्यासारख्या हजार वस्तू आहेत. त्यांतली बरोबर एका डोळ्याची हुडकून काढायला तुझ्याएवढीच दूरदृष्टी हवी.

त्याच दिवशी मी दुर्बीण खोक्यात कोंबली आणि, आयुष्यात प्रथमच, यांना म्हटलं की तुमचं बरोबर आहे, माल सदोष आहे, चला. यांचा चेहरा असा उजळला की मला जरा अपराधी वाटलं. दुकानदार म्हणाला, पैसे परत मिळणार नाहीत, बदलून काय हवं ते न्या. मग आमचे हे, पाटी, पाटीचा मालक आणि सरळ-उलट या विषयावर असे काही सुटले की त्याने दारातला सांगाडाही आनंदाने बांधून दिला असता. सूक्ष्मदर्शक दाखवला (त्यालाही एकच डोळा! मी दचकून मागे सरले). आणि मग काचेच्या कपाटात दिसला एक काळा, जाडजूड बायनॉक्युलर. दोन नळ्या. दादा, मी आकडासुद्धा विचारला नाही. आकडा सात आहे. सव्वापाचशेवरून सातवर आलो, तू बसून घे.

आत्याला सांगितलं, दुर्बीण बदलून आणली. तिने डोळ्यांना लावली, चंद्राकडे पाहिलं आणि लगेच कपाळाला आठ्या. डावं नळकांडं खराब आहे म्हणाली, धूर भरलाय त्यात, उद्याच्या उद्या परत करा. दुकानावर दुसरी स्वारी निघणार म्हणून यांना स्फुरण चढलं. यांनी दोन्ही काचा पुसल्या, उजेडात धरल्या, दातांच्या डॉक्टरच्या दिव्याखालची पाटी एकेका डोळ्याने वाचली आणि अतिशय दुःखाने सांगितलं की दोष सापडत नाही. आत्याचा विश्वास बसेना. ज्याने चांगल्यात खोट काढली त्याच्या चांगलं म्हणण्यावर कोण भरवसा ठेवणार? तिने बायनॉक्युलर हिसकावून घेतला आणि सरळ उलटा धरला, म्हणजे डावं नळकांडं उजव्या डोळ्यावर आलं. पाहिलं. पुन्हा सुलटा केला. पाहिलं. पुन्हा उलटा. नळकांडं कुठलंही येवो, धूर डावीकडेच.

मग तिने तो मांडीवर ठेवला आणि आम्हा दोघांना फैलावर घेतलं. घरात दोन-दोन शहाणी माणसं, एकाचं तर चष्म्याचं दुकान, आणि डोळा इतका वाया चाललाय हे एकालाही मला नीट सांगता येऊ नये? (दादा, गेले कित्येक महिने आम्ही दुसरं काहीही बोललेलो नाही.) "बघत काय बसलीस? लाव त्या डॉक्टरणीला फोन!" मी धावतच गेले.

तारीख ठरली आहे, पुढचा बुधवार. म्हणजे तुझा तोडगा अखेर लागू पडला. तू तो चारचौघांत स्वतःचा म्हणून सांगशीलच. खुशाल सांग, फक्त त्यातून टेलिस्कोप तेवढा वगळ. पैसे उरले नाहीत. छानसं कव्हर आत्याने जुन्या उशीच्या अभ्र्याचं शिवलंय.

तुझी आज्ञा पाळून दमलेली,
धाकटी

ता. क. बायनॉक्युलरमधून शनीची कडी दिसत नाहीत. आत्याला सांगितलं तर म्हणाली, शनी लांब आहे तो बराच आहे.

आणखी एक ता. क. मुद्द्याचं राहिलंच. काल मी तिला सहज विचारलं की इतके दिवस ऑपरेशनला घाबरत होतीस का. म्हणाली, ऑपरेशनला कोण घाबरतंय? मागच्या वेळी पट्टी काढताना तू येणार म्हणाला होतास. तिने डोळा उघडला, तर समोर आमचे हे तक्ता घेऊन उभे आणि सगळ्यात खालची ओळ वाचा म्हणतायत. तू नव्हतास. पुन्हा तसा डोळा उघडायचा नव्हता तिला, म्हणून कपडे वाळत घालत बसली. मला काही कळलं नाही, आणि तू तर टेलिस्कोप निवडत होतास. तेव्हा या वेळी काही पाठवू नकोस. तू ये. यांना मी तक्त्यासकट दुकानात कोंडून ठेवीन.

शेवटचं. आत्याने उजव्या डोळ्याने हे सगळं वाचलं आणि वरचा मजकूर खोडून टाकायला सांगितलाय, त्याला कामं असतात म्हणाली. मी खोडलेला नाही. पट्टी गुरुवारी सकाळी काढणार आहेत.