दोन डाव्या बाह्या

प्रिय चिमणे,

हे पत्र लिहायला मला तीन सकाळी लागल्या. नऊ ते अकरा डोकं जाग्यावर असतं, मग जेवणाआधीच डोळे मिटायला लागतात. फोनवर बोललो असतो, पण तुझी आई फोन स्पीकरवर टाकते आणि मी जरा अडखळलो की माझं वाक्य तीच पुरं करते. बरेचदा भलतंच.

रिपोर्ट छान आलाय, हे तिने सांगितलंच असेल. मेंदूचं रेडिएशन संपून आठ महिने झाले, गाठ वाढलेली नाही. जो तो येऊन अभिनंदन करतो. उजव्या कानामागे केस उगवले नाहीत, पण या वयात मला कोण बघतंय.

मागच्या महिन्यात मुख्याध्यापकांचा कोट कापला आणि दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. चाळीस वर्षं कात्री चालवतोय, शिकाऊ असतानाही असं केलं नव्हतं. आईने कापड उचलून बाजूला ठेवलं. मला वाटलं, होतं एखाद्या वेळी. मग एका दुपारी लवकर जाग आली. पाहतो तर ती दुकानात टेबलाशी उभी राहून, मी सकाळी कापलेलं सगळं टेपने पुन्हा मोजत होती. चुकलेले तुकडे पिशवीत कोंबलेले, शेजारी त्याच रंगाचं नवं कापड. काजंबटणांपलीकडे कधी गेली नव्हती ही बाई. आता माझ्याहून सरळ कापते. मी गुपचूप जाऊन पडलो. तेव्हापासून मी सकाळी कापतो, ती दुपारी निस्तरते आणि संध्याकाळी गिऱ्हाईक माझ्या हाताचं कौतुक करतं. मेल्याहून मेल्यासारखं होतं गं. तिचा राग येतो, आणि तिचे सुजलेले डोळे पाहिले की त्या रागाचीच लाज वाटते.

दवाखान्यात दर तपासणीला एक फॉर्म देतात. रोजची कामं पूर्वीसारखी जमतात का, असं त्यात विचारतात. आई ‘हो’वर खूण करते, मी खाली सही ठोकतो. येत्या तपासणीला तू ये आणि काहीतरी निमित्त काढून तिला बाहेर बसव. तो फॉर्म मला एकदा खरा भरायचाय. डॉक्टरांना विचारायचंय, हे इथेच थांबणार की असंच कमी कमी होत जाणार. तिच्यासमोर विचारायची माझी छाती होत नाही. आणि एकट्याने ऐकलं, तर घरी पोचेपर्यंत मी विसरून जाईन.

तुझाच,
बाबा