चांदलो कुठे गेला

३ जानेवारी
गुजरात सरकार विधवांना देतं ती सहाय या महिन्यातही आली नाही. बँकेतली पोरगी म्हणे (इकडे म्हातारीला माजी म्हणतात), "माजी, वरूनच थांबलंय." वरून म्हणजे कुठून, विचारलं तर तिने पेन वर केला. वर पंखा होता. तोही बंद.
रवी म्हणतो, "माय, मी देतो ना. काय पाहिजे ते सांग फक्त." हेच तर नको. सांगावं लागतं. मिश्री संपली, सांगा. शेजारच्या कमलबरोबर सोडा प्यायचा, सांगा. पोरगा चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण "कशाला" विचारतो. हे गेल्यापासून घरात माझं म्हणावं असं काय ते विधवा सहायचे पैसेच. त्यांना कोणी "कशाला" विचारत नाही.

४ जाने.
सूनबाई मजुरीवर आणते त्या साड्यांना सकाळपासून टिक्या चिकटवल्या. बोटं गोंदाने कडक.
टीव्हीवर यानातली माणसं तरंगत होती. जेवण तरंगतं, पाणी तरंगतं, सगळे हसतात. मी सूनबाईला म्हटलं, "ज्योती, यांची मोरी कुठे गं?" ती म्हणे, "आई, काहीपण!" काहीपण कसं? पाणी तरंगतं तर बाकीचंही तरंगत असेल. ते टीव्हीवाला दाखवत नाही. म्हणजे काहीतरी लपवतात.

६ जाने.
कारण कळलं. झेरॉक्सवाल्या केयूरने मशीनवर बघून सांगितलं. आपण जिवंत आहे हे तोंड दाखवून सिद्ध करायचं. नाही केलं तर मेलेल्यात धरतात.
मी म्हटलं, "तू बघतोयस ना मला?"
"हुं जोउं ई ना चाले, माजी. सरकार जोवे तो चाले."
बघा. समोरचा बघतो ते धरत नाहीत. दिल्लीत की गांधीनगरात बसलेला, ज्याने मला जन्मात पाहिलं नाही, त्याने बघितलं की मी जिवंत.
मग मोबाईल तोंडापुढे धरला. म्हणे, आंख पटपटावो. मी एकच डोळा मारला. केयूर लाल झाला. "माजी, बेउ आंख!" दोन्ही मिटले, उघडले. नापास. चष्मा काढून, नापास. पदर मागे करून, नापास.
मग केयूरने मशीनमधला जुना फोटो बघितला. हे होते तेव्हा आधारच्या कॅम्पमध्ये काढलेला. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. केयूर एकदम म्हणाला, "माजी, चांदलो क्यां गयो?"
बोलला आणि जीभ चावली बिचाऱ्याने. गुजरातीत कुंकवाला चांदलो म्हणतात, एवढं मला इतक्या वर्षांत कळतं. पण त्याचं तोंड बघून राहवलं नाही. वर, चांद असतो तिकडे बोट केलं. म्हटलं, "तिकडेच आहे. यान पाठवलंय ना तुम्ही, विचारा त्याला."
कमल माझ्यासोबत होती. ती शिरपूरकडून नुकतीच इथे लेकाकडे आलेली, गुजराती कळत नाही. तिला काय समजलं देव जाणे. सगळ्या रस्त्याने गप्प. अशी ती कधी नसते.

७ जाने.
आता कळलं का गप्प होती. बिल्डिंगभर सांगून आली, विमलबाईचे पैसे चांदवर अडकलेत.
स्वतःच मला विचारते, "तुन्हं चांदवर काय हरपनं वं, बाई?"
मी हसून हसून खाली बसले. पण खरं सांगितलं नाही. खालच्या बाया आल्या विचारायला, आता सगळ्यांचे पैसे तिकडूनच येतात का. मी म्हटलं, "हो ना. अमावस्येला सर्वर बंद राहतं." दोघींनी मान डोलावली. सर्वर तसंही बंदच असतं, त्यांना खोटं वाटायचं कारणच नाही.

९ जाने.
मोबाईल आपलं ऐकतो याची खात्री झाली. गुडघा दुखतो हे मी कमलला सांगितलं होतं, मोबाईलला नाही. दुपारी ज्यो.च्या मोबाईलवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात. म्हणून आज त्याच्याजवळ जाऊन मोठ्याने म्हटलं, "मला हत्ती घ्यायचाय." अजून हत्तीची जाहिरात आली नाही. त्याला पण माहीत असेल, दुसऱ्या मजल्यावर हत्ती चढत नाही.
गुडघा ऐकू येतो आणि मी जिवंत आहे ते ऐकू येत नाही.

११ जाने.
पुन्हा केयूरकडे. पुन्हा नापास. आज तो खाली बघून हळूच म्हणाला, "माजी, खोटुं ना लगाडता... एक वार चांदलो करीने आवो ने." वाईट वाटून घेऊ नका, एकदा लावून या, असं.
घरी सांगितलं. रवीने ताट सरकवलं. "काही गरज नाही. मी देतो म्हटलं ना."
ज्यो. म्हणाली, "आई, चालशे, चालून जाईल. एका मिनिटाचं काम. कोण बघतंय?"
कमल तर रडायलाच लागली. "लोके काय म्हणतीन वं!" तिचंही कपाळ माझ्यासारखंच. तिची थट्टा करायला गेले, पण आज जमलं नाही.

१२ जाने.
झोपेतून उठल्यापासून एकच विचार. चांदलो लावला तर मशीन मला ओळखेल. पण चांदलो लावला म्हणजे नवरा जिवंत. नवरा जिवंत म्हणजे विधवा सहाय बंद. नाही लावला तर विधवा आहे, पण मी नाही. कोणी बसवलं असेल हे डोकं लढवून? एवढं डोकं चंद्रावर जाणाऱ्यांना पण लागलं नसेल.

१४ जाने.
केयूरचं दुकान बंद, सगळे गच्चीवर पतंग उडवायला. माझ्या जिवंतपणाला सुट्टी.

१६ जाने.
गेले. कुंकू घरात ज्यो.चं आहे, ते मागावंसं वाटलं नाही. साडीवरची एक लाल टिकी घेतली, गोंदाचं बोट लावलं, कपाळावर. आरशात बघितलं. बरी दिसते मेली.
रस्त्यात पदर कपाळापर्यंत ओढला. केयूरने मोबाईल धरला. दोन्ही डोळे मिटले, उघडले. हिरवं झालं! मशीनला खऱ्या कुंकवातलं आणि साडीतल्या टिकीतलं काही कळत नाही. याच्या जिवावर हे सरकार चालवतात.
केयूर जास्त खूश. म्हणाला, आता घरी सरकारी माणूस येईल तपासायला. दुसरं लग्न केलं की नाही ते बघतो, मग सहाय चालू.
"केलं असतं तर तुला वरातीत नाचवलं नसतं का रे?" म्हटलं. हसला. मी पण हसले. गल्लीच्या तोंडाशी आले आणि हसू राहिलं नाही. तो माणूस काय बघणार? कपाळच बघणार.

१७ जाने.
टिकी काढली नाही. गोंद निघत नाही असं ज्यो.ला सांगितलं. तिने खोबरेल तेलाची बाटली आणून पुढे ठेवली. बाटली तशीच आहे.
रवीने संध्याकाळी बघितलं. दोनदा वरण मागितलं, तेही ताटात बघून. हात धुताना म्हणाला, "माय, तो माणूस आला की मग?" मी म्हटलं, "मग काय, त्याला चहा देऊ."
कमल आलीच नाही.

१९ जाने.
कमल आली. दारातच उभी. खूप वेळ माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता शिव्या. म्हणे, "दुखस का वं ते?" म्हटलं, नाही दुखत. "खाजस?" थोडं. मग आत येऊन बसली आणि टिक्या चिकटवू लागली. जाताना म्हणाली, तो माणूस आला तर मी सांगेन, बाई विधवाच आहे, मला माहीत आहे. म्हटलं, "तुझं कोण धरतंय, कमल? तू काय मशीन आहेस?"

२० जाने.
केयूरचा फोन, तो माणूस आज आपल्या गल्लीत आहे.
तेलाची बाटली पुढे घेऊन बसले आहे. काढली तर तो म्हणेल, मशीनमधली बाई वेगळी. ठेवली तर म्हणेल, नवरा कुठाय. आणि तिसरं कोणाला सांगू, की आता मलाच काढायची नाही.
खाली कोणीतरी गुजरातीत माझं नाव विचारतंय. कमल त्याला मोठमोठ्याने अहिराणीत काहीतरी समजावते आहे. त्याला एक अक्षर कळत नसणार.
ज्यो. जिन्यावरून, "आई, लवकर ठरवा, वर येतोय तो!"
उजव्या हातात पेन. डाव्या हाताचं बोट टिकीवर.