सु.ने ठेवलेली नावं

६ जानेवारी, मंगळवार
पहिली पाळी. उसातून दगड आला, मिल दोनदा थांबली. चारला भांडगावला घरी. सकाळचीच भाकरी खाल्ली. मग नेहमीप्रमाणे लॅपटॉप लावला, सु.ची पुस्तकं बघायला. मी वाचत नाही. वाचणारी ती होती. तिने केलेले कप्पे, पुस्तकांना दिलेली नावं बघतो आणि बंद करतो. ती गेल्यापासून रोज.
आज उघडताच मध्ये एक चौकोन आला. काहीतरी नवीन आलं आहे, होय की नंतर. होय दाबलं. वाचलं नाही. कारखान्यात पॅनेलवर लाल दिवा लागला की आधी बटण दाबून भोंगा बंद करायचा, मग काय झालं ते बघायचं. बोटांना तीच सवय.
निळी पट्टी सावकाश भरत गेली. भरल्यावर कप्पे नव्हते.

७ जाने., बुधवार
नीट बघितलं. पुस्तकं गेलेली नाहीत. नावं गेली आहेत.
बरीचशी पुस्तकं सु.ने स्वतः स्कॅन केलेली. केडगावच्या शाळेत नोकरीला असताना तिथली जुनी, फाटकी पुस्तकं घरी आणायची आणि एकेक पान काचेवर ठेवायची. फाइलला मूळ नाव नाही, नुसते आकडे. नाव ती द्यायची, तेही मनाला येईल ते. सोमवारी नको. लेखक फार शहाणा, निम्म्यात सोडलं. बसमध्ये वाचण्याजोगं. एक होतं, ह्यांना सांगू नये. ह्यांना म्हणजे मला.
खरं नाव का देत नाहीस, असं एकदा विचारलं होतं. "खरं नाव पुस्तकावर असतंच की," म्हणाली.
आता सगळीकडे आकडे. खाली लेखक अज्ञात. कप्पे तीनच, त्यातल्या तिसऱ्याचं नाव 'भाषा ओळखता आली नाही'. सु.ची सगळी पुस्तकं त्यात.
तिच्या खुणाही नाहीत. कुठलंही उघडलं तरी पहिलं पान.

९ जाने., शुक्रवार
कवठे येमाईहून आक्कांचा फोन. सु.च्या आई. बऱ्याच दिवसांनी. आधी ऊस किती आला, थंडी किती आहे, असं. मग मुद्द्यावर आल्या.
"पाव्हणं, मशीन मिळालं का तिला?"
कुणाला, विचारलं.
"त्या शिंपिणीला. दिरानं शिलाईमशीन दाबून ठिवलेलं न्हाई का. कोर्टात हुबी राहिली आन् तिथंच सुनंदानं पुस्तक ठिवलं. पुढल्या रविवारी म्हनली."
आक्कांना आता दिसत नाही. सु. दर रविवारी जाऊन त्यांना वाचून दाखवायची. मी सोडायला जायचो आणि बाहेर मेहुण्याशी बोलत बसायचो. शिंपिणीचं कानावर आलं असेल, लक्षात काही नाही.
आक्का म्हणाल्या, "पोथी धरली की अर्धी ठिवू न्हाई. धरणारा गेला तर घरच्यानं पुरी करायची. तवा आता ते तुमच्याकडं आलं."
मी म्हणालो, आक्का, ती पोथी नाही. कादंबरी असेल.
"मी ऐकायलाच बसते, मला काय फरक हाय?"
बघतो म्हणालो. पुस्तक ओळखता येत नाही हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, माहीत नाही.

१० जाने., शनिवार
सुट्टी टाकली नाही. दुपारी घरी येऊन एकेक पुस्तक उघडायला बसलो. शेकड्यांनी आहेत. पहिल्या पानावर कुठे नदी, कुठे लग्न, कुठे नुसती प्रस्तावना. शिंपीण नाही. कव्हर बऱ्याच पुस्तकांना नाहीच. आणि सापडलं तरी सु. कुठल्या पानावर थांबली हे कसं कळणार.
पुस्तकांच्या ॲपच्या कंपनीला ईमेल केला. माझं इंग्रजी कारखान्याच्या रिपोर्टपुरतं. लिहिलं की जुनं होतं तसं परत हवं आहे. कारण लिहिलं नाही.

१२ जाने., सोमवार
उत्तर आलं. नव्या रचनेतून मागे जाता येत नाही. लवकरच सवय होईल. शेवटी हसरा चेहरा.
शेलारला सांगितलं. साखर शिजवायच्या पॅनवर असतो, माझ्या पाळीत. डबा खाताना म्हणाला, "दाबण्याआधी वाचलंस का?"
नाही म्हटलं.
"म्हंजी घरी पण ड्युटीच करतोस तू." मग जरा वेळाने, "परत लिही. एकदा न्हाई म्हणत्यात, दुसऱ्यांदा वरच्याकडं जातंय. आपल्या स्टोअरला कसं?"
त्याने त्याच्या डब्यातली वांग्याची भाजी माझ्याकडे सरकवली. हल्ली रोज सरकवतो.
परत लिहिलं. या वेळी कारण लिहिलं. दोन ओळी.

१४ जाने., बुधवार
संक्रांत. घरी काही केलं नाही. शेजारच्या वहिनी दारात आल्या, तिळगूळ देऊ की नको असं त्यांना झालं. पहिलं वर्ष ना. मीच म्हणालो, पुढल्या वर्षी.
दुसरं उत्तर आलं. माणूस दुसरा. लांब लिहिलं आहे, हसरा चेहरा नाही. या बदलानंतर एकदाही नेटला न लागलेलं दुसरं यंत्र तुमच्याकडे असेल तर त्यात सगळं जुनं जसंच्या तसं असेल. ते नेटला लावू नका. लागलं की तिथेही बदल होईल. आधी नेट बंद, मग त्यातून जुनी प्रत काढून घ्या. लॅपटॉपवर मागची आवृत्ती टाका, तिची लिंक खाली देत आहे. मग ती प्रत त्यात भरा.
तीनदा वाचलं. काही दाबलं नाही.
दुसरं यंत्र म्हणजे सु.चा टॅब. तो कवठ्याला आहे. शेवटच्या रविवारी तिथेच राहिला, परत जायचंच आहे म्हणून. तेराव्यानंतर मी तिकडे गेलो नाही. मेहुणा संपत दोनदा बोलावून गेला. हंगाम आहे, असं सांगत आलो.

१५ जाने., गुरुवार
पाळी संपल्यावर गेटबाहेरूनच संपतला फोन लावला. टॅब आहे का विचारलं.
"हाय की, दाजी. आक्काच्या उशाला असतो. चार्जिंग उतरल्यालं हाय. म्या आज लावणारच व्हतो, आक्काला भजनं लावून देतो म्हनलं."
नको, म्हणालो. चालू करू नकोस. टॅब संपतच्या मोबाईलचं नेट ओळखतो, सु.नेच जोडून ठेवलं होतं. चालू झाला की आपोआप लागेल.
"अवो दाजी, टॅब हाय का नाग?"
रविवारी येतो, तोवर हात लावू नकोस, एवढंच सांगितलं. मागून आक्कांचा आवाज, "पाव्हणं येत्यात व्हय?" फोन ठेवल्यावर जाणवलं की आपण हे पुष्कळ मोठ्याने बोललो. गेटवरचा वॉचमन बघत होता.

१७ जाने., शनिवार
शेलारने एक पत्र्याची पाटी आणून दिली. कारखान्यात दुरुस्ती चालू असली की स्विचला अडकवतात ती. काम चालू आहे, बटण दाबू नये. "टॅबच्या गळ्यात घाल," म्हणाला. जुनी होती, फेकायला काढलेली. पिशवीत टाकली. पेनड्राइव्ह, केबल, चार्जर. लॅपटॉप नेणार नाही, रस्त्यात काही व्हायला नको.

१८ जाने., रविवार
मोटारसायकलने गेलो. चौफुला, न्हावरा, शिरूर. उसाच्या ट्रॉल्यांमागे बराच वेळ गेला. शिरूरला चहा घ्यायला थांबायचो तिथे थांबलो नाही. पुढे मलठणवरून कवठं.
आक्का ओट्यावर बसलेल्या. गाडीचा आवाज ओळखला. जवळ गेलो तर माझा हात हातात घेऊन नुसत्या बसल्या. नंतर म्हणाल्या, "वाळला." मला वाटलं होतं की रडतील. म्हणूनच येत नव्हतो बहुतेक.
टॅब उशाला नव्हता. संपतने हात वर केले. "मला इचारू नका. तुमचा फोन आल्यापासनं गायब हाय."
आक्का उठल्या, चाचपत आत गेल्या आणि बाजरीच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला. सु.च्या जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेला टॅब बाहेर आला. "ह्याच्या हातून काय ऱ्हायलं असतं का? मोबाईलबिगर जेवत न्हाई त्यो."
फुंकून बाजरी काढली. चार्जिंगच्या भोकात एक दाणा होता, तो आक्कांनीच काडीने काढायला सांगितला. चार्जरला लावला, पण चालू करायच्या आधी संपतला म्हणालो, तुझा मोबाईल बंद कर.
"दाजी, कांद्याचा भाव यायचाय. मार्केटातनं फोन येणार हाय."
मग असं ठरलं की त्याने मोबाईलसकट लांब जायचं. कांद्याच्या चाळीपर्यंत गेला. मी हात केला, अजून. विहिरीपर्यंत गेला. तिथून ओरडला, "आता पार जांबुतला जाऊ का?" आक्का हसल्या. त्यांना दिसत नव्हतं, तरी कुठल्या तोंडाने ओरडला असेल ते कळलं.
टॅब चालू केला. पहिलं काम, विमानाचं चिन्ह दाबलं. पाटी अडकवली. मग ॲप उघडलं.
सगळं होतं.
सोमवारी नको. लेखक फार शहाणा. बसमध्ये. आणि अगदी वर, आक्काची शिंपीण. उघडलं तर मधलंच पान, कोपऱ्याला सु.ची लाल खूण.
आक्कांना नावं वाचून दाखवली, सगळी नाही. 'लेखक फार शहाणा'ला म्हणाल्या, "बापावर गेली व्हती. त्येंला पन कुनी शहाणा दिसला की खपत नव्हतं." 'ह्यांना सांगू नये' मी वाचलं नाही.
प्रत पेनड्राइव्हवर घेतली. एकदा घेतली, पुन्हा एकदा घेतली. संपतला बोलावलं. भाव पडला होता, तरी बरा होता चेहरा.
आक्का म्हणाल्या, "बसा आता. वाचा."
आज नको म्हणालो. आधी घरी जाऊन नीट बसवतो. शिवाय मला मोठ्याने वाचायचा सराव नाही.
"सराव कसला? अक्षरं तीच हायत." मग त्यांनी मान्य केलं. "पुढल्या रविवारी या. आन् पाव्हणं, माणूस बदलला की अध्याय पहिल्यापासनं धरायचा. मधनं न्हाई. आन् एकल्यानं पुढं वाचायचं न्हाई. समदं हितं."
जेवून निघालो. येताना शिरूरला चहा घेतला.

१९ जाने., सोमवार
पाळीला लक्ष नव्हतं, पण काही चुकलं नाही. घरी येऊन उत्तर समोर ठेवलं आणि ओळीने करत गेलो. नवी आवृत्ती काढली. मागची टाकली. 'आपोआप बदल होऊ द्या', तिथली खूण काढली. पेनड्राइव्ह लावला. भरू का, विचारलं. प्रश्न पूर्ण वाचला. मग होय.
पट्टी निळीच. या वेळी मात्र मी तिथून उठलो नाही.
कप्पे आले. नावं आली. उघडून बघितलं तर खुणा जागेवर. खुर्चीत तसाच बसून राहिलो. खांदे दुखत होते हे तेव्हा कळलं. किती दिवस आखडून बसत होतो कोण जाणे.
त्या दुसऱ्या माणसाला ईमेल केला. झालं, आभार. अजून काहीतरी लिहावं असं वाटलं, सुचलं नाही.

२० जाने., मंगळवार
शेलारला सांगितलं. "मग आज भाजी तू आण," म्हणाला. पाटी परत मागितली नाही. ती लॅपटॉपलाच आहे.
'ह्यांना सांगू नये' अजून उघडलेलं नाही. सांगू नये म्हणजे नये.

२२ जाने., गुरुवार
लॅपटॉप उघडला तर तोच चौकोन. काहीतरी नवीन आलं आहे. म्हणजे खूण काढली तरी विचारणार. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. नंतर, असं दाबलं. उद्या परत विचारेल बहुधा. विचारू दे.
रविवारची पाळी शेलार घेतो म्हणाला.

२४ जाने., शनिवार
दुपारी दार लावून घेतलं आणि मोठ्याने वाचायचा सराव केला. अध्याय पहिल्यापासून, आक्कांनी सांगितला तसा. आधी आवाज विचित्र वाटला. घरात बऱ्याच दिवसांत कुणी एवढं बोललं नव्हतं. वकील बोलतो ते ठीक जमतं. दीर बोलतो तिथे मी फार सौम्य पडतो, तो जरा चढा हवा. शिंपीण बोलते तिथे सु. कसा आवाज काढायची ते आठवत बसलो. ओट्यावर बसायचो, तेव्हा आतून येत असणार. आठवलं नाही. माझ्याच आवाजात वाचलं.
वाचत वाचत लाल खुणेपर्यंत आलो. शिंपीण कोर्टात उभी आहे, न्यायाधीशाने तिला विचारलं आहे, मशीन तुझंच कशावरून. पान तिथे संपतं. खुणेवर क्लिक केलं तर तिथे सु.ने स्वतःसाठी लिहून ठेवलेलं उघडलं. म्हणजे ती पुढचं आधीच वाचून यायची.
लिहिलं होतं, इथे पाणी पिणे. पुढचं पान लांब आहे.
पुढचं पान उलटलं नाही. एकट्याने वाचायचं नाही, असं ठरलं आहे.
उठलो, माठातलं गार पाणी काढलं, आणि उभ्यानेच तांब्याभर प्यायलो.