दाईबाईंच्या इमारतीचं पुस्तक

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ कशी आहे? सौ.चा खोकला थांबला का? थोरलीचे दिवस भरत आलेत, तिला जपताय ना? धाकटी अजून रुसूनच बसलीय का? इकडे तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात. मी मात्र पुस्तकबांधणीच्या टेबलाशी बसलो की ठणठणीत.

आता तुझ्या समितीबद्दल. दाईबाईंच्या वाचनगृहावरचं माझ्याकडचं जुनं पुस्तक समारंभात मांडायला हवं, म्हणतोस. इमारत उभी राहिली तेव्हा छापलेलं, आता एवढी एकच प्रत उरलेली. आनंदाने दिलं असतं. पण त्याच दिवशी दरवाज्यावरचं दाईबाईंचं नाव उतरवून सिमेंटवाल्यांचं चढवणार, असं ऐकतो. त्या बाईने जन्मभर लोकांची बाळंतपणं करून साठवलेलं सगळं त्या भिंतींत घातलं. सिमेंटवाल्यांनी काय घातलं? गच्चीवर गिलावा! त्यांच्या नावाची पाटी गच्चीवरच लावा, कावळे वाचतील.

बाईंचं नाव राहणार असेल तर पुस्तक मिळेल. नाहीतर नाही.

तुझा,
दादा

ता. १२ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

थोरलीला मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. नावाचा ठराव मात्र झालाय. दाईबाईंना आता कोण ओळखतं? सोबत तांबडं रेक्झिनचं वेष्टण पाठवतोय, वर सिमेंटवाल्यांचं नाव सोनेरी अक्षरांत आहे. पुस्तकाचं जुनं कातडं काढून हे बसवा. पहिल्या पानावरच्या बाईंच्या चित्रावर सिमेंटवाल्यांचा फोटो चिकटवा. सचिव म्हणून माझी अब्रू पणाला लागलीय. घरच्या माणसाने तरी अडवू नये. लोभ आहेच, तो टिकवावा.

आपला धाकटा

ता. ५ मार्च

ती. दादास सा. न.

शेवटी ऐकलंत! बांधणी झकास. समारंभात प्रमुख पाहुण्यांनी सर्वांसमक्ष पुस्तक उघडलं, पहिली दोन पानं मनातल्या मनात वाचली, डोळे पुसले आणि म्हणाले की अशी भाषा आता कुणी लिहीत नाही. सिमेंटवाले ते छातीशी धरून फोटोला उभे राहिले. आता काचेच्या कपाटात आहे. तुमचा राग गेला, यातच सगळं आलं.

आपला धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. नातीला पापा.

पाहुण्यांना भाषा आवडली हे ऐकून तुझी वहिनी हसून हसून खालीच बसली. अरे, ती भाषा तुझीच! समितीचे छापील अहवाल दरवर्षी माझ्याकडे बांधणीला पाठवतोस ना, तेच एकत्र शिवून त्या तांबड्या वेष्टणात बसवले. फोटोही सांगितल्याप्रमाणे डकवला. पाहुण्यांना गहिवर आला त्या पानांवर गळका नळ आहे आणि खुर्च्यांतले ढेकूण. पाहुण्यांचं सोड, सिमेंटवाल्यांकडून तर अपेक्षाच नव्हती. पण सचिवसाहेब, स्वतःचं लिहिलेलंही ओळखू नये? अशा मंडळींच्या हाती वाचनगृह!

खरं पुस्तक इथेच आहे, जुन्या कातड्यात, बाईंच्या चित्रासकट. त्यांचं नाव दरवाज्यावर परत लावलंत, तर ते घेऊन मी स्वतः येईन. नाही लावलंत तरी येईन, आणि कपाट उघडून तुझ्या ढेकणांचं जाहीर वाचन करीन. काय ते समितीत ठरवून लगेच कळव. तिकीट काढायचंच आहे. हातात पुस्तक घ्यायचं की नुसता चष्मा, एवढंच तुझ्या पत्रावर अडलंय.

तुझा,
दादा