कोकिळासाठी मासिकांचा रॅक

५ नोव्हेंबर, सकाळी
कोकिळा भाऊबीजेला धुळ्याला गेली, गिरधरकडे. या वेळी शिलाई मशीन सोबत नेलं. बदल हवा असेल. निघताना म्हणाली, या घरात मला बसायला जागा नाही. मुद्दा बरोबर आहे. सोफ्यावर माझी मासिकं, तिच्या खुर्चीवर माझी मासिकं, दिवाणावर दिवाळी अंक.
उपाय : मासिकांचा रॅक. साधा नाही, अँटिक. ती यायच्या आत.

७ नोव्हेंबर
मोबाइलवर अभ्यास केला. शंभर वर्षांच्या पुढचं ते अँटिक, अलीकडचं ते व्हिंटेज. या हिशेबाने मी नुसताच जुना. लाकडावरच्या डागांना पॅटिना म्हणतात. ते पुसायचे नसतात. आपल्या डायनिंग टेबलवर बराच पॅटिना आहे. कोकिळा उगाच पुसायची.
दुपारी पोहे केले. मीठ राहिलं.

१० नोव्हेंबर
भुसावळला गेलो. पुनाशेठचं जुन्या फर्निचरचं दुकान. घडीचा पितळी रॅक दाखवला. रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यातला, म्हणाले. हात लावला तर त्याची आपोआप घडी झाली. वेताचा चांगला होता, पण एका बाजूला उंदरांनी खाल्लेला. सागवानी बघत होतो, तेवढ्यात गिरधरचा फोन. दाजी, ताईला तुमच्याशी बोलायचंय. म्हटलं, आत्ता दुकानात आहे, संध्याकाळी करतो.
संध्याकाळी डोळा लागला.

१४ नोव्हेंबर
कोकिळाला तिन्ही रॅकचे फोटो पाठवले. दोन निळ्या टिक. उत्तर नाही. म्हणजे तिन्ही पसंत. निवड माझ्यावर सोपवली आहे. हे बरं असतं.
आज कोणाशी बोलणं झालं नाही. शांत वाटलं. वाटलं असावं.

१९ नोव्हेंबर
धरणगावला एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी भिंतीवर टांगायचा रॅक निघाला. नक्षी उत्तम. पण आपल्या भिंतीला खिळा ठोकला की प्लास्टर खाली येतं. रद्द. घाईत निर्णय घ्यायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

२२ नोव्हेंबर
आज कोकिळाचा स्वतःहून फोन. तिला सागवानी आणि वेताचा यातला फरक नीट समजावला. तिने मधे दोनदा 'अहो, ऐका' म्हटलं. ऐकतोच आहे म्हटलं आणि पुढे सांगितलं. शेवटी म्हणाली, बरं, मी रविवारी येते.
योजना यशस्वी.

२३ नोव्हेंबर
सागवानी घेतला. मधोमध मूठ, दोन्हीकडे कप्पे. एसटीत मांडीवर घेऊन जळगावला आणला. शेजारचे उखर्डूनाना बघायला आले. म्हणाले, "अभिमनभाऊ, रॅक बेस शे. पन घरमा कोनी दिखत नही." म्हटलं, उद्या दिसेल.
सगळी मासिकं भरली. तिची खुर्ची रिकामी केली. गादीचा रंग हिरवा आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार
कोकिळा अकराला आली. गिरधर बरोबर होता, तो खालीच थांबला. ती खुर्चीत बसली, पाणी प्यायली. पेला स्वतः धुतला.
मी रॅक दाखवला. म्हटलं, तुझ्यासाठी. एक बाजू तुझी.
ती म्हणाली, "मी मासिकं कधी वाचते?"
मी विचार केला. वाचत नाही.
मग म्हणाली, "मी तिकडे खोली घेतलीय. शाळेच्या गणवेशांचं काम मिळालंय. रागावून नाही चालले. पण आता मी तिकडेच राहणार."
मी विचारलं, जागेचा प्रश्न तर सुटला ना.
म्हणाली, "जागेचं नव्हतंच ते. मी बोलायचे तेव्हा तुम्ही पान उलटायचात."
तिने स्वेटर, गोळ्यांचा डबा आणि आईचा फोटो घेतला. मी पिशवी उचलून बसस्टँडपर्यंत गेलो. गिरधर पुढे चालत होता. काहीतरी विचारावं म्हणून विचारलं, खोली कशी आहे. ती सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती, हातांनी दाखवत. मी ऐकत होतो. मधे मनात आलं की रॅक सोफ्यापेक्षा खिडकीजवळ शोभेल. तेवढ्यात साक्रीची गाडी लागली, धुळ्यावरून जाणारी. ती बसली. खिडकीतून म्हणाली, जेवत जा.

रात्री
खोली कितव्या मजल्यावर आहे, ते तिने सांगितलं होतं. आठवत नाही.