तुमच्या नावाचा ठराव

अहो,

काल तुमच्या शोकसभेत मी उभी राहिले आणि भरल्या सभेत तुमच्या दोस्तांना सांगितलं, हे खोटं आहे. मी! चारचौघांत बोलायचं म्हटलं की जी पदराआड होते ती तुमची बायको! हे ज्याला सांगायचं तो माणूस घरात नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेलात हेच अजून माझ्या डोक्यात शिरत नाही. बुटाची नाडी बांधायला वाकलात आणि वर उठलाच नाहीत. मी आतून हाक मारली, पुन्हा मारली, आणि शेवटी चिडून ओरडले, "बहिरं झालायसा काय?" माझा शेवटचा शब्द हा! माणूस असं जातं होय? आपल्या रिवाजाप्रमाणं तुम्हाला बसवून माती दिली, तेव्हाही मला वाटत होतं, आता उठतील आणि विधी करणाऱ्या जंगमालाच म्हणतील, "पाठ ताठ ठेवा की!"

सुभेदार म्हणून पेन्शनीत निघालात, पण तुमची परेड कधी संपली? मंगळवार पेठेतल्या टपरीवर चहा पिताना एखादं पोरगं गाडीचं पुढचं चाक उचलून गेलं की तुमचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत. "दोन वर्षं फौजेत घाला ह्यास्नी! सक्तीनं! पोरगा असू दे न्हायतर पोरगी!" लग्नात अक्षता टाकून झाल्या की नवरदेवालासुद्धा तेच. मी लाजेनं मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. पण आतून मलाही पटायचं हो. तुमच्याकडं बघून पटायचं.

आणि मग तुमची नजर बसूवर गेली.

आपल्याला मूल नाही. माझ्या अक्काचा बसवराज कबनूरला वाढला तितकाच आपल्याकडंही वाढला. दाजींचे चार यंत्रमाग, आणि बसू त्या मागांतच रमलेला. बिघडलेला माग नुसता कान लावून ऐकायचा आणि हात घालायचा. फौजेचं खूळ त्याच्या डोक्यात कधीच नव्हतं. तुम्ही दाजींच्या सोप्यात बसून एका दुपारीत ठरवून टाकलंत. बसू म्हणाला होता, "काका, मला नको." मी ऐकलं होतं. तुम्ही हसून म्हणालात, "नको म्हणणाऱ्यालाच घालायचं असतं. तिथंच माणूस घडतो."

भरतीच्या चाचणीसाठी रोज पहाटे तुम्हीच त्याला मैदानावर पळवलंत. तो निवडला गेला, तर दाजींनी कबनूरच्या चौकात त्याचा केवढा मोठा फ्लेक्स लावला! त्या फोटोत सगळे हसत होते. बसू सोडून.

ट्रेनिंग सुरू होऊन काही महिने गेले आणि कबनूरला सेंटरचं पत्र आलं, तुमचा मुलगा सेंटरमधून न सांगता निघून गेलाय. अक्कानं अंथरूण धरलं. दाजी म्हणाले, "पळपुटा निपजला. मला पोरगाच न्हाय." तुम्ही पिशवी भरलीत आणि त्याला शोधायला निघालात. परत आलात ते खांदे पाडून. "घावला न्हाय," एवढंच म्हणालात. अक्काला मात्र म्हणालात, "जिता हाय तो. माझ्यावर विश्वास ठेव." आम्हाला वाटलं, धीर देताय.

तेव्हापासून सक्ती हा शब्द तुमच्या तोंडी पुन्हा आला नाही. टपरीवर कुणी विषय काढला तर म्हणायचात, "चहा घ्या, निवतोय." मी समजले, वय झालं.

काय समजले मी तरी!

परवा पेठेतल्या मंडळाचे नाना, तुमचे दोस्त, घरी आले. "वहिनी, शोकसभेत ठराव करतोय. प्रत्येक पोरापोरीला दोन वर्षं लष्करी सेवा सक्तीची करा म्हणून सरकारला पाठवायचा. सुभेदारांची अंतिम इच्छा म्हणून, त्यांच्याच नावानं." मला भरून आलं. तुमचा वर्दीतला फोटो मी स्वतः पुसून दिला. हो, माझ्याच हातानं!

काल दुपारी दार वाजलं. उघडलं तर दाढी वाढलेला, अंगानं भरलेला एक माणूस. "मावशी," म्हणाला. मी किंचाळले. शेजारची माणसं धावत आली, त्यांना काहीतरी सांगून परत पाठवलं. बसू! तुमच्या शोकसभेचा बोर्ड कुणीतरी मोबाईलवर फिरवलेला, तो बघून तुम्ही गेल्याचं त्याला कळलं.

मी त्याला आधी एक थोबाडीत मारली. मग पोटाशी धरला. मग विचारलं, "होतास कुठं?"

"सोलापूरला. मागावरच."

"काका शोधायला आलते की रे तुला!"

"आलते, मावशी. घावलो होतो मी त्यास्नी."

अहो! तुम्हाला घावला होता! दोन वर्षं माझ्या शेजारी जेवलात, अक्का माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडताना बघितलीत, आणि एक शब्द नाही? हा राग मी कुणावर काढू आता, सांगा!

बसू सांगत गेला. सेंटरमध्ये मारुती नावाचा एक जोडीदार होता, कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या गावचा. त्याला लहानपणापासून फौजेचंच वेड. दोरावरून उतरायचा सराव होता, मारुती वर आणि खालचा दोर बसूच्या हातात. "माझं मनच तिथं नव्हतं, मावशी. नजर भलतीकडं होती. हात ढिला पडला. मारुती खाली आला तो मांडीच्या हाडाचे दोन तुकडे होऊन. त्याला घरी धाडला. त्याला फौज पाहिजे होती, तो गेला. मला नको होती, मी उरलो. दुसऱ्या दिवशी मी पळालो."

तुम्ही त्याला मागाच्या शेडात गाठलंत. तो म्हणाला, तुम्ही आल्या आल्या एक स्टूल ओढलंत. मागांचा खडखडाट ऐकत त्याच्याशेजारी त्यावर संध्याकाळपर्यंत बसून राहिलात, त्याचं काम बघत. पाळी सुटल्यावर त्यानं दोराचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ही चूक तुझी न्हाय, माझी हाय. फौजेत माणूस शेजारच्याच्या भरवशावर जगतो. त्या शेजारी मी ढकललेला माणूस उभा केला."

मग त्याला घेऊन तुम्ही सेंटरच्या फाटकात गेलात. पळालेल्याला हजर व्हावंच लागतं, म्हणालात. शिक्षा झाली ती त्यानं भोगली, फौजेतनं नाव कमी झालं, आणि बाहेर आला तेव्हा तुम्ही फाटकाबाहेर उभे होता. मला पेन्शनचं काम सांगून गेला होतात, ते हेच! दाजींसमोर जायची त्याची छाती नव्हती, म्हणून त्यानं परत सोलापूरच गाठलं. "मावशीला सांगू नका, ती अव्वाला सांगणार," असं त्यानंच तुमच्याकडून वचन घेतलं.

खरंच सांगितलं असतं हो मी. त्याच दिवशी अक्काला सांगितलं असतं. पण म्हणून नवऱ्यानं...? जाऊ दे.

"मग आता ठरावाचं काय?" मी विचारलं. बसू दारातच उभा होता. म्हणाला, "मावशी, काका मला शेवटच्या फोनवर म्हणाले होते, एकदा चौकात उभं राहून सांगायचंय की मी चुकत होतो म्हणून. जीभ उचलत न्हाय."

तुमची जीभ उचलत नव्हती! आख्ख्या पेठेला ऐकू जाणारी जीभ!

सभेला हॉल गच्च भरलेला. तिसऱ्या रांगेत दाजी. बसू मागं दाराशी. नानांनी ठराव वाचला. "सुभेदारांची अंतिम इच्छा" हे शब्द आले आणि मी उभी कशी राहिले, मलाच माहीत नाही.

"ही त्यांची इच्छा न्हाय."

नाना म्हणाले, "वहिनी, तुम्ही दुःखात हायसा. बसा."

"नाना, मी शुद्धीत हाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "ह्या कानांनी ऐकलंय आम्ही! रोज!" एकच गलका झाला. तेवढ्यात दाराकडून आवाज आला, "मी सांगतो." बसू पुढं आला आणि उभ्यानं सगळं सांगितलं. दोर, मारुती, पळणं, फाटक. काही लपवलं नाही. मी दाजींकडं बघत होते. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. ते उठले. वाटलं, आता मारतात. पण पोराच्या अंगाला अंग न लावता, त्याच्याकडं न बघता बाहेर निघून गेले.

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. तिचा नातू हौसेनं गेलाय, बॉर्डरवर आहे. ती मला म्हणाली, "बाई, तुझ्या पोराला नको होतं, कबूल. पण नको म्हणणाऱ्यास्नी सोडत गेलं तर दरवेळी आमच्याच घरातनं जायचं काय?"

अहो, ह्याचं उत्तर तुम्हाला आलं असतं? तुमच्याजवळ ते होतं का, की तेच शोधत तुम्ही गप्प झाला होता? मी नुसते हात जोडले. तीही बसली. तिचे डोळे रात्रभर माझ्यासमोर होते.

ठराव झाला. हात वर करून झाला. बरेच वर गेले, बरेच नाही गेले. नानांनी त्यातलं तुमचं नाव मात्र पेनानं काट मारून काढलं आणि मला न बोलता गाडीवर बसून निघून गेले. इतक्या वर्षांचा दोस्त तुमचा! बोलतील, की नाही बोलतील, ठाऊक नाही.

आज सकाळी अक्का आली. दाजी आले नाहीत. लेकाला बघून तिनं आधी पाठीत धपाटे घातले आणि मग त्याच्या दाढीवरून हात फिरवत राहिली. आत्ता दोघं आत बसलेत. अक्का तुमच्यावरही चिडलीय बरं का. "सुभेदारानं मला फसवलं," म्हणाली. पुढच्याच श्वासाला म्हणाली, "पण जिता हाय म्हणालते, खरं बोलले." मी मध्ये पडले नाही. तुमचं तुम्ही निस्तरा.

तुम्ही चुकलात आणि चूक दुरुस्तही केलीत, पण अर्धीच. लपून केलीत. ज्या आवाजात सक्ती सांगितलीत, त्याच आवाजात हेही सांगायला हवं होतं. एवढं एक मला तुमच्याबद्दल कायम खुपत राहील.

आणि मारुती? त्याच्याकडं तुम्ही कधी गेलात का? बसूला विचारलं. म्हणाला, काका दोनदा निघाले आणि दोन्ही वेळी स्टँडवरून परतले. सुभेदार, शत्रूसमोर उभं राहिलेला माणूस एका पोराच्या दारात जायला घाबरला?

तर ऐका. मारुतीचं गाव बसूला माहीत आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत. तो दार उघडेल, की तोंडावर लावेल, मला माहीत नाही. लावलं तर बाहेर कट्ट्यावर बसून राहीन. उघडलं तर तुमचं नाव सांगेन, माझं नाव सांगेन, आणि जे तुम्हाला स्टँडच्या पुढं नेता आलं नाही ते त्याच्यासमोर बोलेन. त्यानं शिव्या दिल्या तर तुमच्या वाटच्याही ऐकून घेईन. हे वचन तुम्हाला.

तुमचीच,
महादेवी