आराम आहे, साहेब!

प्रिय बाबा,

तुमच्यावर चिडूनच लिहितेय. आज सकाळी कॉलेजात आरोग्य मानसशास्त्राचा पहिला तास घेतला. फळ्यावर उद्दिष्टं लिहिली: आरोग्य जपणं, आजार टाळणं, आजारी माणसाला उपचारात सामील करून घेणं. आजार नुसता शरीरात नसतो, माणसाच्या समजुतीत, सवयीत, घरादारातही असतो, हेही सांगितलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पेशंट लोक डॉक्टरले खोटं काहून सांगतात?"

मला उत्तर येत होतं. तुम्हीच ते उत्तर होता, बाबा! पण घंटा होईपर्यंत मी फळाच पुसत राहिले.

आठवतो रामदासपेठेतला तो हृदयाच्या डॉक्टरांचा दवाखाना? दुसरा मजला, लिफ्ट कायम बंद. तुम्ही दाढी करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून लग्नाला निघाल्यासारखे निघायचात. जिन्याच्या प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबायचात. "तू हो पुढं वं, मी येऊन राहिलो." ओठ पांढरे पडलेले असायचे. आणि आत डॉक्टरांनी कागदावरून नजर न उचलता "कसं वाटतं?" विचारलं की तुम्ही हसून, "आराम आहे, साहेब!"

आराम? कुठला आराम?

आणि तंबाखू-सुपारीचा तो खर्रा? "सोडला, साहेब," म्हणालात तेव्हा खिशातली खर्ऱ्याची पन्नी चुरचुरली होती. मला ऐकू आली, त्यांना नाही.

उतरताना मी भांडले, तर मलाच दटावलंत. "अवं, एवढ्या मोठ्या माणसाले तोंडावर कसं म्हणू, तुमच्या गोळीनं फरक नाही म्हणून? त्याच्या हातगुणाले नाव ठेवल्यावाणी होते."

हातगुण! अहो, जन्मभर हातमागावर बसलात तुम्ही. एक धागा तुटला तरी माग थांबवायचात, सांधल्याशिवाय पुढे विणत नव्हतात. पातळाची एवढी काळजी, आणि स्वतःच्या छातीची नाही?

तुमच्या त्या दोन शब्दांवर डॉक्टर तीच गोळी लिहून देत राहिले. त्यांचाही राग येतो मला. मान वर करून ओठ बघायला किती वेळ लागतो हो? "जिना चढताना कुठे थांबलात?" एवढं विचारलं असतं, तर तुम्हाला खोटं बोलणं जड गेलं असतं.

पण सगळ्यात जास्त राग माझा येतो. शेजारच्या खुर्चीवर मी बसले होते, मानसशास्त्राची एम.ए.! वडिलांना परक्यासमोर खोटं कसं पाडायचं, म्हणून गप्प राहिले. चार वेळा गेलो आपण, चारही वेळा गप्प. पाचव्या वेळेआधी तुम्ही गेलात.

आता ऐका. तुम्ही गेल्यापासून आईचे पाय सुजतात. दोन पोळ्या लाटल्या की भिंतीला टेकून बसते. उद्या तिला डॉक्टरांना दाखवायचंय. मघाशी तिला म्हटलं, काय काय होतं ते नीट सांग तिथे. तर पदर सावरत म्हणते कशी, "मले काय झालं? आराम तं आहे." तुमचाच शब्द, तुमचाच सूर! हातातली ताटली आपटली मी. मग तिच्याजवळ बसून रडले.

बाबा, उद्या मी आईला डॉक्टरांसमोर खोटं पाडणार आहे. पाय कधी सुजतात, किती पावलांवर धाप लागते, सगळं कागदावर लिहून ठेवलंय. तिनं 'आराम' म्हटलं की मी मध्ये बोलणार. डॉक्टरांना वाईट वाटलं तर वाटू दे. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही तरी चालेल, अबोला धरायला ती असायला तर हवी! आणि पुढच्या तासाला त्या मुलीला उत्तर देईन, तुमचं नाव घेऊन.

लोक भेटायला येतात, "आता कशी आहेस?" विचारतात. माझ्याही ओठांवर तोच शब्द येतो. तुम्हाला तरी खरं सांगते.

आराम नाही, बाबा.

तुमची,
पमी